अण्णा दुधाणे लढाईत होते

आम्ही गुलटेकडीला राहायचो तेव्हा प्रवास म्हणजे वर्षातून एकदा हिंगोलीकडे गावी जाणं. परभणीपर्यंत रेल्वे, तीही जनरलचा डबा, आणि त्यातही संडासाच्या दाराशी ट्रंकेवर आई, तिच्या पायाशी मी, आणि वडील दाराच्या दांड्याला धरून उभे. दर स्टेशनला कोणीतरी चढायचं आणि म्हणायचं, "ओ बाई, सरका." आई सरकायची. माझी आई पुण्याहून परभणीपर्यंत सरकत जायची.

वडील मार्केट यार्डात हमाल होते. आई तिथंच कांदे निवडायला. दहा बाय दहाची खोली, पाणी रस्त्यापलीकडच्या नळावर. शाळेची सहल निघाली की मी बरोबर त्याच दिवशी आजारी पडायचे. बाईंना ते पाठ झालं होतं. "काय गं, यंदा ताप की पोट?" असं विचारायच्या, पण वर्गासमोर कधी विचारलं नाही, तेवढे उपकार.

मग मी बी.कॉम. झाले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत माझ्याआधी कोणी कॉलेजच्या फाटकातून आत गेलं नव्हतं. हे मी कुठेही सांगते, न विचारता सांगते. नोकरी लागली, नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या, वडिलांना यार्डातून सोडवलं. तोवर त्यांची पाठ गेलीच होती.

सामान वर चढवत होतो तेव्हा समोरच्या दारातून एक बुटका, नीटनेटका म्हातारा बाहेर आला. इस्त्रीची खाकी पँट, पांढरा बनियन, कानामागे सुताराची चपटी पेन्सिल. डाव्या अंगठ्याला नख नाही. त्याने आमच्याकडे पाहिलं नाही. आमच्या लाकडी पेटीवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं, कान लावला आणि विचारलं, "ही कोणी केली?"

"बाजारातली हाय," वडील म्हणाले.

"ते दिसतंच आहे. करणाऱ्याला म्हणावं, भजी तळ. लाकडाला त्रास देऊ नको." मग सरळ उभे राहून म्हणाले, "मी अण्णा दुधाणे. एकाहत्तरच्या लढाईत होतो."

वडिलांनी हातातलं गाठोडं खाली ठेवलं, टाचा जुळवल्या आणि खाडकन सलाम ठोकला.

आतून बायकी आवाज आला, "खडकीत होते हो! सायकलवर जायचे. डबा घेऊन."

अण्णांनी चेहरा हलू दिला नाही. "घरातून गोळीबार चालू असतो," ते म्हणाले. "आपण लक्ष द्यायचं नाही."

दोघांचंही खरं होतं. खडकीकडच्या एका सरकारी कारखान्यात अण्णा चाळीस वर्षं खोका विभागात होते. तोफगोळे, काडतुसं, जे काही सीमेवर जायचं ते लाकडी पेटीतून जायचं आणि त्या पेट्या हे लोक करायचे. प्रत्येक सुताराला एक आकडा होता. झाकणाच्या आतल्या बाजूला, उजव्या कोपऱ्यात, तो पेन्सिलीने लिहायचा; उद्या पेटी फुटली तर कोणाची ते कळावं म्हणून. अण्णांचा आकडा सत्तावीस. एकाहत्तरच्या डिसेंबरात ते वीस वर्षांचे होते. त्या दिवसांत विभागात हातोडा थांबलाच नाही आणि अण्णांच्या अंगठ्याचं नख तेव्हा गेलं. "मी जखमी आहे," ते सांगायचे. "पण रजा घेतली नाही."

'मी लढाईत होतो' हे वाक्य ते दूधवाल्याला, गॅसवाल्याला, मतदारयाद्या घेऊन आलेल्या शिक्षकांना सांगायचे. फक्त एका माणसासमोर कधीच बोलायचे नाहीत. तो म्हणजे त्यांचा मुलगा सुनील. त्याचं कारण मला काकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, गवार मोडता मोडता सांगितलं. सुनीलच्या लग्नात अण्णांनी व्याह्यांच्या पंगतीत हेच वाक्य टाकलं. नवरीचे एक काका खरोखर फौजेतून निवृत्त झालेले. ते जिलबी खाली ठेवून उठले, हात पुढे केला आणि विचारलं, "वा! कुठलं युनिट?" अण्णा म्हणाले, "खोका विभाग." पंगत हसली. ती जी हसत सुटली ती रिसेप्शनपर्यंत हसत होती. सुनीलने दुसऱ्या दिवशी वडिलांना सांगितलं, "बाबा, तुम्ही सुतार होतात. चांगले सुतार होतात. पण हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर नको."

"मग?" मी काकूंना विचारलं.

"मग काय. तेव्हापासून सहल चालू आहे."

म्हणजे सहलीचं ठरवणं चालू होतं. जैसलमेरच्या पलीकडे, सीमेजवळ, जिथं ती लढाई झाली तिथं सगळ्या कुटुंबाला रेल्वेने न्यायचं. तिथल्या संग्रहालयात आपली पेटी असणारच. झाकण उघडायचं आणि सुनीलला कोपऱ्यातला सत्तावीस दाखवायचा. तोंडाने एक शब्द बोलायचा नाही. अण्णांचा बेत एवढाच होता आणि त्याला तोवर आठ वर्षं झाली होती.

सभा दर रविवारी सकाळी साडेनऊला भरायची. उशिरा येणाऱ्याने उभं राहायचं. अण्णा इतिवृत्त लिहायचे, चपट्या पेन्सिलीनेच, आणि मागच्या सभेचं वाचून दाखवल्याशिवाय कोणाला चहा मिळायचा नाही. एक वर्ष सुनीलच्या बदलीत गेलं, दोन वर्षं नात लहान म्हणून, आणि एक अख्खं वर्ष पहिल्या दिवसाच्या जेवणावर अडलं: दशम्या की धपाटे. त्यावर समिती नेमली. समितीत काकू एकट्याच होत्या आणि त्यांनी राजीनामा दिला.

पण खरी अडचण वेगळी होती. स्लीपरच्या डब्यात एका खणात आठ बर्थ असतात. सहा इकडे, दोन बाजूला. अण्णांच्या घरची माणसं पाच: अण्णा, काकू, सुनील, सून पल्लवी आणि नात इरा. "तीन बर्थवर परकी माणसं येणार," अण्णा म्हणायचे. "ती खिडकी लावा म्हणणार, दिवा घालवा म्हणणार, त्यांचं पोर आपल्या अंगावर ओकणार. मोहीम तिथंच कोसळते."

आम्ही राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी दार वाजवलं.

"तुम्ही किती जण?"

"तिघं," मी म्हणाले. "मी, आई, वडील."

"पाच नि तीन?"

"आठ."

"झालं तर. कपडे भरायला घ्या."

"कुठं जायचंय?"

"लढाईला."

मागून सुनील ओरडला, "बाबा, ते लोक काल राहायला आलेत! अजून त्यांचा गॅस जोडलेला नाही!"

"तिथं गॅस लागणार नाही," अण्णा म्हणाले.

पण कपडे बांधायचा दिवस उजाडायला आणखी तीन वर्षं लागली, कारण मधे गाईडचा मुद्दा निघाला. पल्लवी आयटीतली. ती म्हणाली, "बाबा, प्रॉपर गायडेड टूर घेऊ ना. पॅकेज असतं. पिकअप, ड्रॉप, सगळं."

अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. तरुणपणी कारखान्याच्या सहलीत ते एका किल्ल्यावर गेले होते. तिथल्या गाईडने एकच खड्डा त्यांच्या गटाला धान्याचं कोठार म्हणून दाखवला, मागून आलेल्या गटाला तुरुंग म्हणून आणि नवविवाहित जोडप्याला राणीचं स्नानगृह म्हणून. अण्णा मुद्दाम तिन्ही गटांबरोबर हिंडले होते. "गाईड म्हणजे," ते म्हणाले, "ऐकणाऱ्याचं थोबाड बघून इतिहास ठरवणारा माणूस. आपल्याला तो नको. आपण आपले गाईड."

आणि त्यांनी विषय वाटले. सुनीलला रणगाडे. पल्लवीला नकाशे आणि हवामान. इराला विमानं. मला तारखा, "कारण तुम्ही शिकलेल्या आहात," आणि हे त्यांनी इतकं साधेपणाने म्हटलं की मी त्या वर्षी खरोखर अभ्यास केला. माझ्या वडिलांना त्यांनी विषय दिला 'ओझी': जवान पाठीवर काय काय आणि किती वाहतो. वडिलांनी यादी वाचून घेतली आणि विचारलं, "बस? एवढंच? अन् ह्याला बांधलंय असं कामून? समदा भार कमरंवर येतो की. ह्येला हमालीतलं कायबी कळत न्हाई."

"हे लिहून घ्या," अण्णांनी मला सांगितलं.

आई घाबरली होती. "मला लिवता-वाचता येत न्हाई, अण्णा. मी काय सांगनार?"

"तुम्हाला पाणी. वाळवंटात वाचायचं काय आहे? आठ माणसांना किती पाणी लागेल ते सांगा."

आईने एका क्षणात मान वर केली. "आंघूळ कोन कोन करनार?"

अण्णांनी सगळ्यांकडे पाहिलं. "आठ वर्षांत या सभेत पहिल्यांदा कोणीतरी कामाचा प्रश्न विचारला," ते म्हणाले. आई त्या दिवसापासून सभेला पाच मिनिटं आधी जाऊन बसायला लागली.

काकूंनी विषय घ्यायला साफ नकार दिला. "मला गाईड व्हायचं नाही. मला तिथं जाऊन नुसतं बसायचंय. चाळीस वर्षं उभी आहे मी." इतिवृत्तात नोंद झाली: 'काकू: राखीव दल.' पल्लवीने सगळ्यांसाठी मोबाइलवर एक तक्ता केला आणि म्हणाली, "प्रत्येकाने आपापलं अपडेट करा." अण्णांनी तो छापून आणला, पेन्सिलीने दुरुस्त केला आणि टपालाने तिच्या हिंजवडीच्या ऑफिसात पाठवला. त्याच घरात, पलीकडच्या खोलीत राहणाऱ्या सुनेला.

मग आली रंगीत तालीम. अण्णांचं म्हणणं होतं की इतका मोठा प्रवास सरावाशिवाय करता येत नाही. म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही आठ जण वळकट्या, पाण्याचे कॅन, दशम्यांचे डबे घेऊन पुणे स्टेशनवरून लोणावळ्याच्या लोकलमध्ये बसलो. अण्णांनी स्टेशनं वाटून दिली होती. चिंचवड म्हणजे सुरत, तळेगाव म्हणजे अहमदाबाद, लोणावळा म्हणजे जोधपूर. देहूरोड आणि तळेगाव यांच्यामध्ये रात्र होती.

देहूरोड सुटलं तसा हुकूम झाला, "झोपा." आम्ही चादरी ओढून घेतल्या, डोळे मिटले. समोरच्या बाकावर कामावर निघालेले एक गृहस्थ होते. त्यांनी जरा वेळ पाहिलं आणि अण्णांना हळूच विचारलं, "काका, काय झालंय? कोणाला लागलंय का?"

"नाही. रात्र झालीये."

"अहो, सकाळचे सव्वासात वाजलेत."

"तुमच्याकडे," अण्णा म्हणाले.

ते गृहस्थ पुढच्या स्टेशनला उतरले. त्यांना तिथंच उतरायचं होतं की काय, कोण जाणे. माझे वडील मात्र खरंच झोपले आणि त्यांचं अहमदाबाद गेलं.

लोणावळ्याच्या फलाटावर सामानाची एक हातगाडी उभी होती. अण्णांनी तिला रणगाडा ठरवलं आणि सुनीलला म्हणाले, "हं, सांग."

"बाबा, मी त्रेचाळीस वर्षांचा माणूस आहे. मी हातगाडीला रणगाडा म्हणणार नाही."

"मी सांगते," इरा म्हणाली आणि तिने विमानांऐवजी रणगाड्याचंच सांगायला सुरुवात केली. बाकावर चिक्की खात बसलेल्या एक बाई उठून जवळ आल्या, शेवटपर्यंत ऐकलं आणि मला विचारलं, "हे किती वाजता सुरू होतं? आत जायला तिकीट आहे का?"

परतीच्या गाडीत सुनील माझ्याशेजारी बसला होता. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ताई, मी एकदाचा नेतो त्यांना. बघू दे जे काय बघायचंय ते. म्हणजे हे तरी संपेल." त्याला वाक्य संपवायचं होतं आणि अण्णांना ते सिद्ध करायचं होतं. एकाच गाडीने.

पुढच्या रविवारी सुनीलने सभेत अट मांडली. "तिकिटं मी काढतो. पण तिथं गेल्यावर तुम्ही कोणालाही, अगदी कोणालाही, सांगायचं नाही की तुम्ही लढाईत होतात. तिथं खरे लढलेले लोक येतात, बाबा. त्यांच्या घरचे येतात."

अण्णांनी पेन्सिलीचं टोक तपासलं. मग त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं: "ठराव मंजूर. विरोध, शून्य. अण्णा दुधाणे, तटस्थ."

तिकिटं आली. सात बर्थ एका खणात. आठवा दोन डबे पलीकडे. आणि यादीत त्या आठव्यासमोर नाव होतं अण्णांचं. अकरा वर्षं ज्या माणसाने खण भरायला आठ माणसं जमवली तोच खणाबाहेर. सुनील म्हणाला, "मी जातो तिकडे." अण्णा म्हणाले, "नको. सेनापती थोडा मागेच असतो." पण मागे ते राहिले नाहीत. दर तासाला हातात पाण्याची बाटली घेऊन दोन डबे तुडवत यायचे, आमची हजेरी घ्यायचे, खिडक्या तपासायचे आणि परत जायचे. तिसऱ्या फेरीनंतर त्यांच्या डब्यातली दोन माणसं त्यांच्यामागून आमचा खण बघायला आली.

आमच्या खणात आई खालच्या बर्थवर खिडकीशी बसली होती. सगळ्यांनी सांगितलं, आडव्या व्हा. ती होईना. ताठ बसून दाराकडे बघत होती. तिकीट तपासणारे आले, त्यांनी नाव विचारलं, आईने स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं आणि त्यांनी यादीवर खूण केली. "झालं?" आईने मला विचारलं. "आता कोनी सरका म्हननार न्हाई?" मी नाही म्हटलं. मग ती जी झोपली ती दुसऱ्या दिवशी दशम्या संपल्यावरच उठली. आमच्या तिघांच्या तिकिटांचे पैसे माझ्या पगारातले होते. माझ्या बी.कॉम.चा मला त्या दिवशी जितका अभिमान वाटला तितका पदवी हातात आली तेव्हाही वाटला नव्हता.

जैसलमेरहून गाडी करून आम्ही त्या जागी पोहोचलो. वाळू, रस्ता, आणि कडेला एक लहानसं संग्रहालय. बाहेर रणगाडे मांडलेले. दारात एक गाईड पुढे आला. अण्णांनी त्याला हात जोडले. "आम्ही आमचे आठ आणलेत," ते मराठीतच म्हणाले आणि पुढे गेले.

खरं सांगायचं तर आम्ही वाईट नव्हतो. पल्लवीने वाऱ्याची दिशा सांगितली, मी तारखा सांगितल्या. सुनीलसमोर आता खरा रणगाडा होता, त्यामुळे तोही मोकळेपणाने बोलला. वडिलांची पाळी आली तेव्हा त्यांनी आमच्या दोन बॅगा मागितल्या, दोरीने वेगळ्या पद्धतीने बांधल्या, दुखऱ्या पाठीवर घेतल्या आणि वाळूत वीस पावलं ताठ चालून दाखवलं. "असं बांधलं तर मानूस दमत न्हाई," ते म्हणाले. तोवर आमच्यामागे दुसऱ्याच कोणाची पंधरा-वीस माणसं जमली होती. त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. वडिलांनी बॅगा खाली ठेवल्या आणि काय करावं ते न सुचून सगळ्यांना नमस्कार केला.

"बाबा कुठायत?" पल्लवी म्हणाली.

अण्णा आत होते. दोरीच्या पलीकडे मांडलेल्या दारूगोळ्याच्या दोन पेट्यांपुढे गुडघ्यावर बसून एका झाकणाखाली त्यांनी जवळजवळ डोकं घातलं होतं. पहारेकरी धावत आला. "बाबूजी, हाथ मत लगाइए!"

"मेरा हाथ पहलेसेच लगा हुआ है इसको," अण्णा आतूनच म्हणाले.

मग ते बाहेर आले. दोन्ही पेट्यांवर पेराने ठोकलं. कान लावला नाही, गरजच नव्हती. "प्लायवूड," ते म्हणाले. "दाखवायला केल्यात. लढाईत प्लायवूड नव्हतं." पहारेकऱ्याला त्यांनी त्यांच्या हिंदीत विचारलं की जुन्या पेट्या कुठे ठेवल्यात. त्या बिचाऱ्याने आजवर असा प्रश्न ऐकलाच नव्हता. जुन्या पेट्या कुठेच नव्हत्या.

अण्णांनी कानामागची पेन्सिल काढून खिशात ठेवली. सुनील दाराशी उभा राहून बघत होता. आपल्याला हवं तेच झालं होतं, आता संपलं होतं, पण त्याचा चेहरा काही संपल्यासारखा दिसत नव्हता.

बाहेर एक चहाची टपरी होती. काकू तिथल्या बाकावर आधीच बसल्या होत्या, ठरवल्याप्रमाणे. त्यांच्याशेजारी पांढऱ्या मिशांचा, उंच, काठी घेतलेला एक म्हातारा होता. टपरीवाला म्हणाला, हे फौजी आहेत, तेव्हा याच भागात होते, रोज संध्याकाळी इथं येऊन बसतात. लोक त्यांना रणगाड्यांचं, रात्रीचं, शत्रूचं विचारतात. आमच्यातलं कोणीतरी काही विचारणार तेवढ्यात अण्णाच पुढे झाले.

"पेटियाँ," अण्णा म्हणाले. "गोले की लकड़ी की पेटियाँ. उसका क्या किया?"

म्हाताऱ्याने मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहिलं. बहुधा त्यालाही असं कोणी विचारलं नव्हतं. "पेटियाँ?" तो म्हणाला. "जला दीं. दिसंबर था, साहब. रेत में लकड़ी कहाँ? पेटी ख़ाली हुई, तोड़ी, चाय चढ़ा दी."

"सगळ्या?" अण्णांच्या तोंडून मराठी निघालं. मग त्यांनी सुधारून विचारलं, "सब?"

"सब. एक भी नहीं छोड़ी."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता अण्णा मटकन खाली बसतील.

"लकड़ी कैसी थी?" अण्णांनी विचारलं.

"बढ़िया. सूखी. एक तीली में पकड़ती थी."

"सूखी होगी ही," अण्णा ताठ होत म्हणाले. "गीली हम पास नहीं करते थे." आणि आमच्याकडे वळून, "ऐकलंत? एका काडीत."

आता मात्र काकूंना राहवलं नाही. "घरी जन्मात गॅस पेटवला नाही," त्या म्हणाल्या, "आणि इथं अख्ख्या फौजेला चहा पाजला म्हणे!"

पल्लवी हसली, इरा हसली, टपरीवाला न कळता हसला. म्हातारा हसला नाही. तो अण्णांकडे नीट बघत होता. 'हम पास नहीं करते थे' हे त्याच्या कानात राहिलं होतं. "आप कहाँ थे तब?" त्याने विचारलं.

अण्णांनी तोंड उघडलं. मग मिटलं. ठराव मंजूर झालेला होता.  दूधवाल्याला सांगायचं, गॅसवाल्याला सांगायचं, आणि आयुष्यात ज्या एका माणसाने हा प्रश्न विचारायला हवा होता त्याने विचारला तेव्हा अण्णा गप्प.

"लढ़ाई में थे," सुनील म्हणाला.

आम्ही सगळे त्याच्याकडे बघायला लागलो. तो एक पाऊल पुढे आला. "पूना में. पेटी बनाते थे. जो आप जलाते थे, वो. रात-दिन बनाते थे. ये अंगूठा उसीमें गया है."

म्हाताऱ्याने अण्णांचा डावा हात हातात घेतला, अंगठा उलटासुलटा करून पाहिला, अण्णांनी पहिल्या दिवशी आमची पेटी तपासली होती तसाच. मग काठीवर जोर देऊन बाकावर सरकला आणि शेजारची जागा मोकळी केली. "बैठिए," तो म्हणाला. "आज चाय हम पिलाएँगे."

अण्णा बसले. चहा आला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी एक घोट घेतला. "बरा आहे," ते म्हणाले. पुण्यात कौतुकाला याच्यावर शब्द नाही.

परतीच्या गाडीतही अण्णांचा बर्थ लांबच होता, पण लोणावळा गेल्यावर ते आमच्या खणात येऊन आईच्या शेजारी खिडकीशी बसले आणि डोळे मिटून घेतले. दिवसाउजेडी, कोणाच्याही हुकमाशिवाय. पलीकडच्या खणातला एक तरुण मोबाइल चार्जिंगला लावायला आमच्याकडे आला होता. इराच्या हातातली रणगाड्याची चित्रं बघून त्याने विचारलं, कुठून आलात. सुनील सांगायला लागला. गाडी खडकी स्टेशनातून न थांबता जात होती. सुनीलने खिडकीकडे बोट केलं.

"ते झाडांच्या मागे दिसतंय ना, तिथं होते वडील. चाळीस वर्षं."

"फौजेत?"

"छे. सुतार." सुनील जरा पुढे सरकून बसला. "तुम्हाला घाई आहे का? नाही ना? मग नीट सांगतो. एका पेटीला खिळे किती लागतात माहितीये तुम्हाला?"

अण्णांचे डोळे मिटलेले होते. खिळ्यांचा आकडा सुनीलने चुकीचा सांगितला, तरी त्यांनी ते उघडले नाहीत. अण्णांनी चूक कानावर येऊन सोडून दिलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

त्यानंतर दीड वर्षाने अण्णा गेले. अकरा वर्षं ठरत असलेली सहल त्यांनी पुरी केली. आठ माणसं नेली, आठही परत आणली, आणि सुनीलला पटलं.